एल निनोच्या वर्षी पेरूचे पक्षी उपाशी का मरतात?

खारे_वारे

मे संपत आला की आपल्याकडच्या बातम्यांत एक परका शब्द हमखास येतो: एल निनो. पाऊस ओढ देणार का, पेरणी थांबवायची का, तूर लावायची की कापूस, सगळी चर्चा त्या शब्दाभोवती फिरते. मीही तो शब्द दुष्काळाचं दुसरं नाव म्हणूनच ऐकत मोठा झालो. मुळात तो पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा शब्द. नाताळच्या सुमारास समुद्र कोमट व्हायचा, म्हणून त्यांनी त्या प्रवाहाला बाळ येशूचं नाव दिलं. त्या किनाऱ्यावर एल निनो आला हे सर्वांत आधी कोणाला कळत असेल, तर बेटांवर अंडी उबवत बसलेल्या पक्ष्यांना. बरेच दिवस या विषयावर वाचतोय. जमेल तसं मांडतो, इथले जाणकार भर घालतीलच.

लिमा विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १२ अंशांवर आहे, चेन्नई उत्तरेला १३ अंशांवर. चेन्नईच्या समुद्रात पाय घातला तर पाणी कोमट लागतं. लिमाजवळचा समुद्र मात्र वर्षातला बराच काळ १६ ते १९ अंशांच्या आसपास असतो. तिथे वारा किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत राहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि ती जागा भरायला खालचं गार पाणी वर येतं. वर येताना ते नायट्रेट, फॉस्फेट असं सगळं खत घेऊन येतं. त्याला ऊन लागलं की प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतात, आणि प्लवकांवर जगतो आंचोवेता नावाचा वीतभरही नसलेला चंदेरी मासा. आपल्या मांदेलीच्याच कुळातला. एकाच जातीच्या माशाची जगातली सर्वांत मोठी मासेमारी याचीच होते.

या माशावर तीन पक्षी पोसले गेले: ग्वानाय नावाचा पाणकावळा, पेरूची बूबी आणि पेरूचा पेलिकन. पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे बेटांवरची त्यांची विष्ठा वाहून न जाता थरावर थर साचते. तेच ग्वानो खत. चिंचा बेटांवर हे थर तीस मीटरहून जाड होते. १८४० नंतर युरोपातली शेते या खतावर पिकली, त्यासाठी युद्धं झाली, चिनी मजुरांना फसवून आणून मरेपर्यंत राबवलं गेलं. तो इतिहास वेगळ्या धाग्याचा आहे, इथे थांबतो.

मला सर्वांत लख्ख वाटलेली गोष्ट अंड्यांची. उष्ण समुद्रातल्या बूबी एक किंवा दोन अंडी घालतात, आणि त्यांतल्या अनेक जाती पिल्लू वाढवतात एकच. पेरूची बूबी दोन-तीन घालते, कधी चारसुद्धा. हे धाडस पक्ष्यात आलं ते समुद्रावरच्या भरवशामुळे. पिढ्यान्‌पिढ्या घराशेजारी मासा मिळत गेला, म्हणून घरटं मोठं झालं.

आता एल निनो. प्रशांत महासागरावरचे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे वारे मंदावतात. पश्चिमेकडे साठलेलं ऊन पाणी पूर्वेकडे सरकत पेरूपर्यंत येतं आणि जाड गोधडीसारखं पसरतं. गार पाण्याची पातळी खूप खाली जाते. किनाऱ्यावरचा वारा चालू असला तरी तो वर आणतो ते वरचंच ऊन, निसत्त्व पाणी. आपल्या विहिरीवर मोटर चालू असते, पण पाणी फुटव्हॉल्व्हच्या खाली गेलेलं असतं, तसं.

पण मासा लगेच मरत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. आधी तो किनाऱ्यालगतच्या गार पाण्याच्या पट्ट्यात गोळा होतो, मग खोल जातो, मग दक्षिणेला सरकतो. पेलिकन पाण्याच्या वरच्या थरातला मासा झोळीत भरतो. बूबी उंचावरून सूर मारते, तरी जाते काही मीटरच. पाणकावळा पोहत तीस मीटर आणि त्याहूनही खोल जाऊ शकतो. त्याच्याही खाली मासा गेला, की समुद्रात मासा आहे आणि बेटावर पिल्लं उपाशी आहेत, अशी अवस्था येते. पिल्लू असलेला पक्षी फार दूरही जाऊ शकत नाही, त्याला संध्याकाळी घरट्यावर यायचं असतं. मासा दिवसभराच्या उड्डाणापलीकडे गेला, तर तो नसल्यातच जमा.

मग पक्षी घरटी सोडतात. हजारो, लाखो, एकाच वेळी. अंडी उघडी पडतात, पिल्लं बसल्या जागी मरतात.

---

माळरान

खत म्हणून ग्वानो माहीत होतं, पक्षी माहीत नव्हते. फुटव्हॉल्व्हचं उदाहरण वाचून पटकन डोक्यात शिरलं. आमच्याकडे एप्रिलमध्ये रोजचं आहे ते.

एक विचारतो. आमच्या गोठ्यातल्या चिमणीचं पिल्लू खाली पडलं तर चिमणी मांजराच्या अंगावर जाते. हे पक्षी पिल्लं सोडून सरळ निघून कसे जातात? वाचताना आत कुठेतरी तुटलं.

---

खारे_वारे

माळरान, मीही या प्रश्नापाशी बराच काळ अडखळलो होतो. याचं उत्तर त्यांच्या आयुष्याच्या लांबीत आहे. चिमणीला दोन-तीन वर्षांत जे काही करायचं ते करायचं असतं. समुद्रपक्षी वीस-वीस, तीस-तीस वर्षं जगतात. एक वीण गेली तर पुढच्या वर्षी दुसरी होते. पण पिल्लासाठी शेवटची चरबी जाळून आई-बाप मेले, तर ते पिल्लूही मरतं आणि पुढच्या सगळ्या विणीही जातात. लाखो वर्षं ज्यांनी वाईट वर्षी घरटं सोडलं, त्यांचाच वंश टिकला.

१९८२-८३ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी. प्रशांत महासागराच्या मधोमध किरितिमाती नावाचं प्रवाळबेट आहे, तिथे सुरय, फ्रिगेट, बूबी मिळून सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी असत. रॅल्फ श्रायबर हे अभ्यासक १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे गेले, तर बेट जवळजवळ ओस. घरट्यांत मेलेली आणि मरायला टेकलेली पिल्लं. मोठे पक्षी समुद्रावर निघून गेले होते. पुढच्या वर्षी समुद्र निवू लागला तसे त्यांतले काही परत आले आणि विणीला लागले.

म्हणजे रिकामं घरटं ही पहिली खूण. त्यानंतरही समुद्र सावरला नाही, की मोठे पक्षी किनाऱ्यावर मरून पडू लागतात. गॅलापागोसच्या पेंग्विनांना उडून जायची सोयच नव्हती. त्याच एल निनोत त्यांची संख्या ७७ टक्क्यांनी घसरली.

---

रेडीचा_माड

धागा वाचून मामांना फोन केला. वेंगुर्ल्याला त्यांची होडी आहे, चाळीस वर्षं समुद्रावर जातात. त्यांना म्हटलं, पेरूत असं होतं. ते म्हणाले, "त्यात नवीन काय? पाणी गरम झाला की मासो खोल जाता." बस, एका वाक्यात संपवलं.

मग जरा खुलले. पूर्वी मासा कुठे आहे ते पक्षी सांगायचे. सुरयांचा थवा एका जागी वरखाली होऊ लागला की होडी तिकडे वळवायची. खाली मोठा मासा बारक्या माशाला वर रेटत असतो, वरून सुरय टिपत असतात. लक्षद्वीपचे टूना पकडणारे लोक अजूनही असेच पक्षी बघून होडी नेतात.

आमच्यासमोर वेंगुर्ले रॉक्स आहेत, जुन्या इंग्रजी नकाशांत बर्न्ट आयलंड्स. दीपगृह आहे, माणसाची वस्ती नाही. तिथे सुरय वीण करतात आणि गुहांत ती लाळेची घरटी बांधणारी पाकोळी राहते. हुमायून अब्दुलाली यांनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं होतं. लहानपणी मामांबरोबर एकदा जवळून गेलो होतो. खडकावर उतरलो नाही, पण पक्ष्यांचा कालवा इंजिनाच्या आवाजावरूनही ऐकू येत होता.

माशांचं म्हणाल तर तारली आठवा. केरळात २०१२ साली चार लाख टनांच्या जवळपास तारली उतरली होती. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. शंभरातला एक भागही उरला नाही! मधल्या काळात २०१५ चा एल निनो येऊन गेला आणि शास्त्रज्ञांनी या घसरणीत त्याचाही हात दाखवून दिलाय. तारली म्हणजे आपला आंचोवेताच की. सगळ्यांचं खाणं: सुरमईचं, डॉल्फिनचं, सुरयचं, आमचंही.

---

टाईनकाठ

मी इंग्लंडात न्यूकॅसलला राहते. इथल्या टाईन नदीच्या पुलावर आणि आजूबाजूच्या इमारतींच्या कठड्यांवर किटिवेक नावाचे कुरव घरटी करतात. समुद्री कडे सोडून एवढ्या आत वस्ती केलेले किटिवेक जगात दुसरीकडे नाहीत म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते आले की गल्ली त्यांच्या ओरडण्याने भरून जाते, ऑगस्टमध्ये गेले की एकदम सुनं वाटतं. पहिल्या वर्षी मला तो आवाज नकोसा व्हायचा. आता त्यांची वाट बघते.

यांचं अन्न सँडईल नावाचा बारीक, वाळूत घुसून बसणारा तेलकट मासा. उत्तर समुद्रात गोष्ट एल निनोची नाही, पाणी हळूहळू तापत गेल्याची आहे. गार पाण्यातला एक सूक्ष्म कवचधारी जीव, कॅलॅनस फिनमार्किकस, वसंतात माजायचा, त्यावर सँडईलची पोरं वाढायची. पाणी तापलं तसा तो उत्तरेकडे सरकला आणि त्याची जागा त्याच्याच भावकीतल्या दुसऱ्या जातीने घेतली. ती माजते उशिरा. म्हणजे पंगत मांडलेली आहे, पण पाहुणे उठून गेल्यावर. सँडईल बारीक राहतो, त्याच्यात तेल कमी असतं, आणि पिल्लाला तेवढ्याच फेऱ्यांत कमी ताकद मिळते.

२००४ साली स्कॉटलंडच्या शेटलंड, ऑर्कनी बेटांवर विणीची अक्षरशः दैना झाली. त्या वर्षांत समुद्रात पाइपफिश नावाचा काटकुळा मासा एकाएकी फार वाढला होता. सँडईल मिळेना म्हणून पक्षी तोच आणू लागले. तो इतका हाडकुळा आणि ताठ, की पिल्लांच्या घशात अडकायचा. घशात पाइपफिश अडकून मेलेली पिल्लं अभ्यासकांना घरट्यांत सापडली.

आयल ऑफ मे या बेटावरचं २००७ सालचं निरीक्षण तर मी एकदा वाचून पुन्हा वाचू शकले नाही. तिथे गिलेमॉट नावाचे समुद्रपक्षी कड्यावर अगदी खेटून बसतात, एक जण पिल्लाजवळ आणि दुसरा समुद्रावर. त्या वर्षी अन्न इतकं कमी, की दोघेही समुद्रावर जाऊ लागले. मागे एकटं राहिलेलं पिल्लू शेजारच्या पक्ष्याच्या जवळ ऊब शोधत गेलं, की शेजारी त्याला टोचून मारायचे, कड्यावरून ढकलायचे. जे शेजारी चांगल्या वर्षी खेटून, सांभाळून राहतात, तेच.

---

शंकेखोर

सगळे प्रतिसाद मनापासून वाचले. पण एक मुद्दा सुटतोय असं वाटतं.

> मग पक्षी घरटी सोडतात. हजारो, लाखो, एकाच वेळी.

एल निनो काही काल आलेला नाही, हजारो वर्षं येतोय. पक्षी मरत आले आणि सावरत आले, म्हणून तर तीस मीटरचे थर साचले. मग आज दोष हवामानाला द्यायचा की मासेमारीला? टाईनकाठ यांच्या सँडईललाही हाच प्रश्न. दोन्ही एकत्र कालवलं की कोणालाच जबाबदार धरता येत नाही, म्हणून विचारतो.

---

खारे_वारे

हा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पेरूचा हिशेब त्यासाठीच लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तिथे खतासाठी पक्ष्यांची काळजी घेतली गेली आणि त्यांची मोजदाद ठेवली गेली. १९०९ पासून सरकारी कंपनीने बेटं राखली, विणीच्या काळात माणसं उतरू दिली नाहीत. मुख्य भूमीच्या टोकांवर भिंती घातल्या, म्हणजे कोल्हे-कुत्रे आत येणार नाहीत आणि पक्ष्यांना बेटासारखीच सुरक्षित जागा मिळेल.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर पक्षी दोन कोटींच्या वर होते. १९५७-५८ च्या एल निनोने ते कोटीच्याही बरेच खाली आणले. पण काही वर्षांत पुन्हा दीड कोटीच्या वर गेले. इथवर शंकेखोर यांचं म्हणणं तंतोतंत खरं: पडले, सावरले. मग १९६५ चा एल निनो आला, पक्षी पन्नास लाखांच्या आसपास उरले, आणि त्यानंतर पूर्वीच्या आकड्याला कधीच पोचले नाहीत.

मधे काय बदललं? १९५० च्या दशकात आंचोवेता वाळवून, दळून त्याची भुकटी करायचे कारखाने किनाऱ्यावर उभे राहिले. युरोप-अमेरिकेतल्या कोंबड्या आणि डुकरं त्यावर पोसली जाऊ लागली. १९७० मध्ये पेरूने एका वर्षात सव्वा कोटी टनांच्या आसपास मासा काढला. १९७२ चा एल निनो आला आणि १९७३ मध्ये तोच आकडा वीसेक लाख टनांवर कोसळला. पक्षी तर गेलेच, कारखान्यांनाही टाळी लागली.

मला यातून जे कळलं ते असं: पूर्वी एल निनो ओसरला की समुद्रात उरलेला मासा झपाट्याने वाढायचा आणि पक्षी त्यावर परत उभे राहायचे. आता तो उरलेला मासा जाळ्यात जातो. घाव हवामान घालतं, जखम भरू देत नाही ती मासेमारी. दोघांनाही जबाबदार धरता येतं, फक्त वेगवेगळ्या कामासाठी.

२०११ मध्ये फिलिप क्युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात वेगवेगळ्या समुद्रांतल्या चौदा जातींच्या पक्ष्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. बारक्या माशाचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेला, की पक्ष्यांची वीण खालावू लागते. समुद्र कुठलाही असो, पक्षी कुठलाही असो, उंबरठा साधारण तोच. मासेमारी किती करायची हे ठरवणाऱ्यांच्या हातात यापेक्षा सोपा आकडा कोणता द्यायचा? तिसरा वाटा पक्ष्यांचा, एवढंच.

आणि हे करता येतं. २०२३ मध्ये एल निनो लागला, जाळ्यांत पिल्लंच फार येऊ लागली, तेव्हा पेरूने उत्तर आणि मध्य किनाऱ्यावरचा आंचोवेताचा पहिला हंगामच रद्द केला. लाखो लोकांचं पोट त्यावर असताना. १९७२ मध्ये असं कोणी थांबलं असतं तर?

---

टाईनकाठ

याला जोडून: २०२४ च्या मार्चमध्ये ब्रिटनने उत्तर समुद्रातल्या आपल्या इंग्लिश भागात आणि सगळ्या स्कॉटिश समुद्रात सँडईलची मासेमारी बंद केली. युरोपीय संघाने त्याला हरकत घेतली, लवादापर्यंत प्रकरण गेलं. पाणी गार करणं कोणा एका देशाच्या हातात नाही, जाळं न टाकणं आहे. किटिवेकचं नाव २०१७ पासून जागतिक पातळीवर संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

---

ओहोटी

मी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, किनाऱ्यापासून दोन तासांवर राहते. इथे विद्यापीठाने चालवलेला एक उपक्रम आहे, साध्या नागरिकांनी दर महिन्याला ठरलेला किनारा चालायचा, मेलेले पक्षी शोधायचे, पंख आणि पाय मोजायचे, फोटो काढायचे, नोंद पाठवायची. मी काही वर्षं जाते आहे. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मेलेले पक्षी कसले मोजता?" सांगायला वेळ लागला.

मी सामील होण्याआधी, २०१४ पासून दोन वर्षं, ईशान्य प्रशांत महासागरात ऊन पाण्याचा एक प्रचंड पट्टा बसून होता. त्याला इथे 'ब्लॉब' म्हणतात. २०१५ च्या उन्हाळ्यापासून २०१६ च्या वसंतापर्यंत कॅलिफोर्निया ते अलास्का ६२ हजारांच्या आसपास गिलेमॉट मेलेले किंवा मरणाच्या दारात असे किनाऱ्याला लागले. सगळे खंगलेले. हा पक्षी रोज आपल्या वजनाच्या निम्म्याएवढा मासा खातो आणि तीन ते पाच दिवस उपास घडला तर मरतो. किनाऱ्याला लागतात ते मेलेल्यांतले थोडेच. पुढे अलास्कातल्या वसाहतींची मोजणी झाली तेव्हा, २०२४ मध्ये, कळलं की तिथले चाळीस लाख गिलेमॉट गेले, म्हणजे निम्मे.

खारे_वारे यांच्या 'मासा खोल जातो' याच्या जोडीला इथे आणखी एक गोष्ट घडली. बहुतेक माशांचं अंग पाण्याइतकंच गरम असतं. पाणी तापलं की कॉड, पोलॉक अशा मोठ्या माशांची भूकच वाढते. म्हणजे बारका मासा कमी आणि हडकुळा झालेला, आणि त्याच वेळी पंगतीला बसलेले मोठे मासे जास्त भुकेले. पक्षी मधल्यामध्ये चिरडले गेले.

पूर्वी एल निनोनंतर पेरूचे पक्षी सावरायचे, तसे हे सावरलेले नाहीत. ती मोजणी झाली तोवर सात-आठ वर्षं गेली होती, तरी संख्या वर आलेली नव्हती.

---

माळरान

तुम्ही किनारा चालून नोंद करता, तसं आपल्याकडे कोणाला करता येईल का? मी समुद्रापासून चारशे किलोमीटरवर आहे, पण पुतणी रत्नागिरीला शिकते. तिला सांगतो.

---

रेडीचा_माड

नक्की सांगा. आणि एक कामाची गोष्ट तिला सांगून ठेवा. जून ते सप्टेंबर, वादळी वारं सुटलं की आपल्या किनाऱ्यावर खोल समुद्रातले पक्षी येऊन पडतात. मास्क्ड बूबी, काळपट सुरय, शिअरवॉटर, कधी फ्रिगेट. एरवी त्यांना जमीन फक्त विणीपुरती लागते. काळपट सुरय तर पाण्यावर बसूही शकत नाही, पंख भिजतात, म्हणून महिनोन्‌महिने हवेतच राहते. असा पक्षी वाळूत बसलेला दिसतो तेव्हा तो दमलेला आणि उपाशी असतो. लोक प्रेमाने जे करतात त्यानेच तो जातो: उचलून परत लाटांत सोडतात, नाहीतर चोच उघडून पाणी ओततात, पाणी फुफ्फुसात जातं.

कुत्र्यांपासून बाजूला घ्यायचा, टॉवेल टाकून हळू उचलायचा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचा, वन विभागाला कळवायचं. खायला-प्यायला काही द्यायचं नाही. चोच डोळ्यांपासून लांब ठेवायची, बूबीची चोच भाल्यासारखी असते. तारीख, जागा आणि फोटो मात्र ठेवायचा.

मामांनी वही घातली आहे, काल दाखवली. डाव्या पानावर मासा, उजव्या पानावर पक्षी. नारळी पौर्णिमेनंतर होडी निघेल तेव्हा पहिली नोंद होईल. ती इथे टाकतो.